नोंदणीआधीचा मुहूर्त

माझ्या गावी, मेहकरला, मी काय काम करते ते आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "पुण्याला औषधांच्या ऑफिसात आहे." बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना मी एकदा कुस्तीवरून समजावलं होतं. एखादा उपचार खरोखर लागू पडतो का, हे माणसांवर पडताळून पाहायचं असेल तर त्याची आधी जाहीर नोंदणी करावी लागते. कुणावर, कुठे, कसं करणार आणि शेवटी काय मोजणार, हे सगळं सुरू करण्याआधी सांगायचं. कुस्ती संपल्यावर 'मी ह्याच्यावरच पैज लावली होती' म्हणणारे पुष्कळ निघतात, म्हणून पैज कुस्तीआधी चारचौघांत बोलायची. बाबा जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे तू पैज लिहून घेणारी." ह्याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

घरात पदवी घेणारी मी पहिली. डोक्यावर पंखा आणि समोर संगणक असलेल्या खुर्चीवर बसून काम करायचं, ह्याचं अप्रूप मला अजून आहे. रिकाम्या वेळी मी जगभरच्या नोंदण्या एकत्र दिसतात ते संकेतस्थळ उघडून बसते. शाळेत असताना नकाशाचं पुस्तक उघडून बसायचे, तशीच. कुठल्या बर्फाळ गावात कुणी म्हाताऱ्या माणसांना सकाळच्या उजेडात बसवून पाहतंय, कुठल्या बेटावर दम्याच्या मुलांना गाणं शिकवून पाहतायत. त्या गावांना मी कधी जाणार नाही. पण तिथे कुणाला तरी एक प्रश्न पडला आहे, आणि उत्तर मिळण्याआधीच त्याने तो सगळ्यांसमोर ठेवला आहे, हे वाचताना मला त्या माणसाच्या घरी जाऊन आल्यासारखं वाटतं.

अशाच एका नोंदणीपायी चैत्रात मला देवास आणि धारला जायला मिळालं. गावं खरी आहेत. माणसांची नावं बदलली आहेत, आमच्या कामात तो नियमच असतो.

देवास

इंदूरहून बसने देवासला उतरले तेव्हा गावावर टेकडी तरंगत होती. सकाळच्या धुरकट उजेडात तिचा पायथा दिसतच नव्हता. वर देवीचं ठाणं, चैत्रातलं नवरात्र चालू, आणि अनवाणी माणसांची एक ओळ चढत होती. खालून पाहताना ती ओळ चालते आहे की टेकडीवर कुणी रेघ ओढून ठेवली आहे, ते कळेना. मी बराच वेळ पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे घेतले. त्यात बडीशेप होती, वर शेव आणि जिरावण नावाचा मसाला. शेजारच्या कढईतली जिलेबी 'नंतर द्या' म्हटल्यावर गाडीवाला दुखावला. "बाद में नी दीदी, साथ में. एक कौर पोहा, एक कौर जलेबी." शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने त्याची बाजू घेतली, "भिया, बाहर की हैं, सीख जाएँगी." आमच्याकडे तिखटानंतर गोड येतं, आणि तेही सणाला. इथे ती दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी बसली होती. मी शिकले.

डॉ. मृणालताईंचं कुटुंब जुन्या दरबाराबरोबर इकडे आलेलं. देवासला एकेकाळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि रस्त्याची एक बाजू एकाची नि दुसरी दुसऱ्याची असायची, असं त्या सांगतात. ताईंच्या पणजोबांचं दप्तर धाकट्या पातीकडे होतं. आता ताई म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टर आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असते की सांधा सापडत नाही.

"अगं, थकून गेली असशील. आधी हातपाय धू, मग बात करू. आणि मॅडम-बिडम नको हं, ताई म्हण."

त्यांचा अभ्यास काशाच्या वाटीचा होता. आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, त्याने उष्णता निघते आणि झोप येते असं सगळेच म्हणतात. पण ते वाटीमुळे होतं, की कुणीतरी जवळ बसून पायाला हात लावल्यामुळे? निम्म्या जणांचे पाय वाटीने घासायचे, निम्म्यांचे त्याच तुपाने पण नुसत्या हाताने. कुणाच्या वाट्याला काय, ते बंद पाकीट ठरवणार. झोप मोजायला मनगटावर पट्टा. देवासला ताई पाहणार, धारला एक वैद्य.

"शब-ए-मालवा म्हणतात ना, मालव्याची रात्र मशहूर आहे," ताई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे अर्धे म्हातारे येऊन सांगतात, डॉक्टरसाब, नींद नी आती!"

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसल्या. "लाव पाय."

"नको ताई, अहो, तुम्ही माझ्या पायाला..."

"नोंदणी करणारीने उपचार काय आहे ते माहीत नको? लाव म्हणते ना."

एका डॉक्टरने माझ्या पायाला हात लावावा ह्याचा संकोच इतका होता की पहिली काही मिनिटं मी ताठ बसून राहिले. वाटी गार होती, मग कोमट झाली. घासण्याचा आवाज लांबून यावा तसा येऊ लागला. मला गावांची नावं दिसायला लागली, एकाखाली एक, त्यात मेहकरही होतं, आणि कुणीतरी ती हळूहळू वर सरकवत होतं. डोळे उघडले तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. समोर झाकलेलं ताट होतं. काशाने तळपाय काजळासारखे काळे झाले होते, आणि गडबडीने उठताना मी ताईंच्या पांढऱ्या फरशीवर दोन काळी, तुपकट पावलं उमटवली.

"लक्ष्मी आली," ताई हसून म्हणाल्या. "पुसू नको, राहू दे."

चहा घेताना त्यांनी जे सांगितलं, त्यामुळे पुढचं सगळं कळेल. काही वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक अभ्यास केला होता, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊ नये म्हणून करायच्या व्यायामाचा. चांगला झाला. पण नोंदणी करायची असते हेच त्यांना उशिरा कळलं, आणि नोंदणीची तारीख सुरुवातीनंतरची पडली. वैद्यकीय नियतकालिकांनी तो एकामागून एक परत पाठवला.

"बरोबरच होतं त्यांचं," ताई म्हणाल्या. "मी नंतर प्रश्न बदलला नाही, हे त्यांना कसं माहीत पडणार? पण एक दिवस परदेशातून एका वृद्धाश्रमातल्या नर्सचा मेल आला. कुठल्या तरी सभेत कुणीतरी माझ्या कामाबद्दल बोललं होतं. तिने लिहिलं, आमच्याकडचे लोक पडतात, तुमचा अभ्यास मी सगळीकडे शोधला, कुठेच सापडत नाही. काय उत्तर देणार? इतके म्हातारे लोक रोज सकाळी माझ्यासाठी एका पायावर उभे राहिले, रेखा. आणि ते कुठेच नाहीत."

ह्या वेळी मात्र ताईंचा अर्ज माझ्यामार्फत आधी गेला होता. नोंदणी कार्यालयाचा शेवटचा प्रश्न तेवढा उरला होता: दोन्ही केंद्रांवर अजून कुणालाही घेतलेलं नाही ना? मी धारला जाऊन, पाहून, उत्तर पाठवायचं होतं. एकदा क्रमांक मिळाला की काम सुरू. एखाद्यालाही आधी घेतलं असेल तर अर्ज बाद.

धार

गव्हाची कापणी झाली होती. धारच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पिवळे खुंट आणि मधूनच एखादा पळस, शेवटची चार फुलं सांभाळत उभा. मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला निघालेली यात्रेकरूंची एक बस आमच्या पुढे होती. तिच्या मागच्या काचेतून पांढऱ्या कपड्यातल्या बायका पेंगताना दिसत होत्या, आणि त्यांच्या माना एकाच वेळी डोलत होत्या.

वैद्य अण्णासाहेबांचे पूर्वज राजवैद्य. आता नव्या कॉलनीतल्या घरात तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. त्यांचं मराठी ऐकून मला शाळेतल्या गुरुजींची आठवण झाली. फक्त गुरुजी तसं पुस्तकातून वाचून दाखवायचे, अण्णासाहेब तसंच बोलतात.

"यावे. प्रवास सुखाचा झाला ना? सूनबाई, पाहुण्यांना पन्हे आणावे."

"आणते, मामंजी," आतून आवाज आला. मग हळूच दार उघडून सूनबाईंनी मला हिंदीत विचारलं, "शक्कर ठीक रहेगी ना?" त्या इथेच वाढलेल्या. मराठी सासऱ्यांपुरती, बाकी सगळं हिंदीत.

वाट्या, तूप, बंद पाकिटं, पट्टे, सगळं कपाटात नीट लावलेलं होतं. अण्णासाहेबांना वाटीबद्दल शंका नव्हतीच. "झोप येतेच, बाई. आमच्या पणजोबांनी महाराजांना आणली. पण मृणाल म्हणते मोजून दाखवू, तर मोजून दाखवू." दुसऱ्या दिवशी नालछ्याला जायचं ठरलं. तिथल्या घरांमध्ये रोज संध्याकाळी जाऊन पाय घासता येतील का, ते मला पाहायचं होतं.

नालछा

मांडूच्या वाटेवर नालछा लागतं. त्या बाजूला गोरखचिंचेची झाडं आहेत, पोट सुटलेली, आणि चैत्रात एक पान नसलेली. कुणीतरी झाड उपटून उलटं रोवावं आणि मुळं आभाळात राहावीत, तशी. त्यांची मखमली साल असलेली फळं रस्त्याच्या कडेला विकायला ठेवतात. मी एक घेतलं. आत पांढरा, आंबट, खडूसारखा गर. तो तोंडात विरघळत असतानाच आम्ही लीलाबाईंच्या घरी पोहोचलो.

लीलाबाई सत्तरीच्या असतील. आम्हाला खाटेवर बसवून त्यांनी चहा ठेवला आणि मीही झोपेच्या कामातली का ते मला मालवीत विचारलं, "बेन, तम भी नींद वाली हो कई?"

अण्णासाहेब म्हणाले, "ह्या पुण्याहून आल्या आहेत. काम पाहायला."

"तो देखो!" लीलाबाई एकदम खुलल्या. "हूँ तो सबसे पेली हूँ. पड़वा के दन वैदजी ने खुद म्हारा पग घस्या. नारेल फोड़्यो. उणी रात से नींद आवे." आणि त्यांनी चहाची कपबशी माझ्या हातात देताना पदर सावरला. मनगटावर काळा पट्टा होता.

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत नेत होतं. त्यांच्या गळ्यातल्या घंटा मला अगदी स्पष्ट ऐकू आल्याचं आठवतं. पाडवा होऊन गेला होता. क्रमांक अजून आलेला नव्हता.

परतताना मी गोरखचिंचेच्या एका झाडाजवळ गाडी थांबवायला सांगितली आणि अण्णासाहेबांना विचारलं. त्यांना मी का विचारते आहे तेच कळेना.

"तो तर मुहूर्त होता, बाई. साडेतीन मुहूर्तांतला. घरात लग्न असले की उडदाच्या मुहूर्ताला सवाष्णी चिमूटभर उडीद भरडतात. लग्न तेव्हाच लागले असे कोणी म्हणते काय? आमच्याकडे वर्षाचे नवे काम पाडव्याला हात लावून ठेवायचे, मग सवडीने करायचे. मीही हात लावून ठेवला."

"पण अण्णासाहेब, त्यांची संमती घेतलीत, पाकीट उघडलंत, पट्टा बांधलात. जगाच्या लेखी त्याच दिवशी सुरू झालं."

त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली, ती पुसली. "मग ती मुहूर्ताची म्हणून सोडून देऊ. पट्टा काढून घेतो. तुम्ही कळवा, कोणासही घेतलेले नाही."

त्यांच्या स्वरात लबाडी नव्हती. ते खरंच तसं मानत होते. उडीद भरडलेले होते, लग्न लागायचं होतं. आणि मला ते मानणं फार सोपं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. ताईंचं त्या नर्सबद्दलचं बोलणं कानात होतं. त्या उलट्या झाडाखाली बसून मी बराच वेळ ऊन बघत राहिले. मालव्याचं ऊनही मऊ असतं, त्यात माणूस कशालाही 'बरं' म्हणून जाईल. पण ह्या कामात मी नुसती टंकलेखक असते तर गोष्ट वेगळी. मी पैज लिहून घेणारी होते, आणि कुस्ती सुरू झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

"मी आधी ताईंना भेटते," म्हटलं.

अण्णासाहेबांनी वाटेत एवढंच विचारलं, "मृणाल फार रागावेल काय?"

परत देवास

ताई चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आंब्याची डाळ करत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. त्या कैरी किसत होत्या, किसतच राहिल्या. कोय लागली तरी हात थांबेना.

"कुणी सांगितलं तुला?"

"लीलाबाईंनीच. त्या खूश होत्या, ताई. झोप लागते म्हणाल्या."

ताई हसल्या आणि लगेच डोळे पुसले, कैरीच्या हातानेच, त्यामुळे डोळे आणखी झोंबले. मी पाणी दिलं.

"अण्णासाहेबांना फोन लावू? नको. मी चिल्लावेन, आणि त्यांना कळणार पण नाही की का." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "एकच म्हातारी आहे, रेखा. नालछ्याची. कोण बघणार आहे?"

 मला बोलण्याचा हक्क आहे असं वाटलं नाही. टेकडीवरच्या आरतीचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता आणि जात होता.

"ती नर्स बघेल," ताई स्वतःच म्हणाल्या. "ती शोधेल, तिला सापडेल, ती वाचेल, आणि ती तारीख खरी मानेल. तिला काय माहीत की आम्ही इथे..." त्यांनी किसणी धुवायला टाकली. "अर्ज मागे घे. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला आजच लिहू, जसं झालं तसं. आणि उद्याच त्या बाईंचा पट्टा काढा. खरं सांगून काढा."

"समितीने अभ्यासच थांबवला तर?"

"तर थांबेल," त्या म्हणाल्या. मग मला वाटीभर डाळ वाढली. आमच्याकडे आंब्याच्या डाळीला लसूण घालतात, इथे घालत नाहीत. मी ती सगळी खाल्ली, पण चव आठवत नाही.

नालछ्याला दुसऱ्यांदा

अण्णासाहेब लीलाबाईंच्या घरी गेल्यावर खाटेवर बसले नाहीत. जमिनीवर बसले. राजवैद्यांच्या घरातला माणूस आपल्या अंगणात खाली बसलेला पाहून लीलाबाई घाबरून उठल्या.

"बसा," ते म्हणाले, आणि मग हिंदीत, सावकाश, "गलती मेरी है. मैंने जल्दी कर दी. अभी इजाज़त का नंबर नहीं आया था. तो आपको गिनती में नहीं ले सकते."

लीलाबाईंनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "तो म्हारी नींद झूठी थी कई?"

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नहीं अम्मा, नींद सच्ची थी. बस, गिनती बाद में शुरू होनी थी."

"गिनवा वाला देर से आया, इमें म्हारो कई कसूर?"

 पट्टा काढताना त्यांनी हात पुढे केला, पण नजर दुसरीकडे ठेवली. मनगटावर पट्ट्याएवढी फिकट जागा राहिली होती. निघताना त्यांनी विचारलं, "वाटकी भी ले जाओगा?" अण्णासाहेबांनी ती वाटी त्यांच्या ओंजळीत ठेवली.

ज्येष्ठात

समितीने पुष्कळ प्रश्न विचारले, ताईंनाही आणि अण्णासाहेबांनाही. शेवटी सांगितलं, नव्याने अर्ज करा, आणि झालेलं त्यात उघड लिहा. म्हणून आता त्या नोंदणीत एक वाक्य आहे: धार केंद्रावर नोंदणीआधी एका व्यक्तीला स्थानिक प्रथेनुसार उपचार देण्यात आला, तिची माहिती मोजणीत धरलेली नाही. ते मीच लिहिलं. जगातून कुणीही वाचू शकतं. त्यात लीलाबाईंचं नाव नाही, पण मला त्या अंगणात उभ्या दिसतात.

क्रमांक आला तेव्हा मी पुन्हा धारला होते, घरोघर जाणाऱ्या मदतनिसांना पट्टे कसे बांधायचे ते दाखवायला. सकाळी फोनवर मेल आला. मी तो ताईंना पाठवला आणि अण्णासाहेबांना वाचून दाखवला. ताईंचा फोन आला. नुसतं, "हां... हां," असं म्हणत राहिल्या.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, आज अमावस्या आहे."

"उद्या प्रतिपदा," मी म्हटलं. "उद्या सुरू केलं तरी चालेल, अण्णासाहेब. आता घाई नाही."

ते भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, थांबतील. थांबले असते तरी नियमात काही बिघडत नव्हतं.

"उद्या केले," ते पाठमोरेच म्हणाले, "आणि पहिल्याच बाईंना झोप लागली, तर मीच म्हणेन हा प्रतिपदेचा गुण. माझा भरवसा नाही. आजच जाऊ."

दुपार कलताना आम्ही नालछ्याला पोहोचलो. आता पहिल्या होत्या गेंदाबाई, लीलाबाईंच्या शेजारच्या. आभाळ भरून आलं होतं, गोरखचिंचांना पानं फुटली होती, आणि ती झाडं एकदम सरळ झाल्यासारखी वाटत होती. लीलाबाई आधीच येऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. आमच्याकडे न पाहता त्या गेंदाबाईंना, घाबरू नको, मध्ये बोलू नको, असं बजावत होत्या, "डरजे मती. ठंडी लागे, फेर गरम लागे. बोलजे मती बीच में, थारी आदत है."

"म्हारी कि थारी?" गेंदाबाई म्हणाल्या.

संमती झाली. पट्टा बांधला. पाकीट मी अण्णासाहेबांना उघडू दिलं नाही, ते गेंदाबाईंनी स्वतः फाडलं. आत लिहिलेलं होतं: हात.

लीलाबाई वाकून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अण्णासाहेबांनी वाटी बाजूला ठेवल्यावर त्यांना कळलं. "इने वाटकी नी? अरे वैदजी, यो कई न्याव हुओ! म्हारी लाऊं कई?"

"नाही," अण्णासाहेब म्हणाले. "हातच."

ज्यांच्या पणजोबांनी महाराजांना वाटीने झोप आणली, त्यांनी बोटांवर तूप घेतलं आणि नुसत्या तळव्याने पाय चोळायला सुरुवात केली. हलकं, सगळीकडे सारखं, ठरल्याप्रमाणे. जोर देऊन वाटीची बरोबरी करावी असं त्यांना वाटत असणार. त्यांचे खांदे तसे सांगत होते. त्यांनी तो दिला नाही. बाहेर आभाळ गडगडलं नाही, काही झालं नाही. गेंदाबाई थोडा वेळ लीलाबाईंशी भांडल्या, मग अर्ध्या वाक्यात थांबल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. लीलाबाई आपल्याच पदराने त्यांच्या तोंडावरची माशी वारत राहिल्या.

आम्ही बाहेर आलो. मला राहवलं नाही. मी कुजबुजत विचारलं, "अण्णासाहेब, लागली का हो झोप? वाटीशिवाय?"

ते हाताचं तूप रुमालाला पुसत होते. त्यांनी दारातून गेंदाबाईंच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं, आणि आयुष्यभर ज्याबद्दल त्यांना कधी शंका नव्हती त्याबद्दल म्हणाले,

"ते आता मला विचारायचे नाही, बाई."